अलंकार ओळखायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्या पाठ असते, उदाहरणही पाठ असतं, आणि नवी ओळ समोर आली की काहीच सुचत नाही. हे फार जणांचं होतं. यात तुमची बुद्धी कमी पडते असं अजिबात नाही, बहुतेक ठिकाणी क्रमच उलटा शिकवला जातो, आधी नाव आणि मग अर्थ. खाली सगळीकडे आधी अर्थ बघितलाय, नाव नंतर.

ओळ वाचल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं?

नाव शोधायला लागू नका, एवढं एक पाळा. ओळ शब्दशः खरी मानून वाचा आणि बघा कुठे अडतंय का. "सकाळपासून फोन रुसून बसलाय." आता फोन काही रुसत नाही, म्हणजे इथे अडलं. जिथे अडलं तिथेच काम सुरू होतं.

हे मी मनाने सांगत नाहीये. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट नावाचा काव्यशास्त्रकार होऊन गेला, त्याच्या 'काव्यप्रकाश' ग्रंथात लक्षणा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं, कधी होते याच्या ३ अटी आहेत. शब्दाचा मुख्य अर्थ बसत नाही ही पहिली, जो अर्थ घ्यायचाय त्याचा मुख्य अर्थाशी काहीतरी संबंध असतो ही दुसरी, आणि तसं बोलण्यामागे एक तर रूढी असते किंवा काही खास हेतू असतो ही तिसरी. आता हेच फोनच्या वाक्याला लावून बघा. रुसणं फोनला बसत नाही. पण रुसलेलं माणूस कितीही विचारलं तरी उत्तर देत नाही आणि हा फोनही कितीही बटणं दाबली तरी दाद देत नाही, हा झाला संबंध. आणि हेतू? "फोन बंद पडलाय" म्हटलं की फक्त बातमी कळते, "रुसलाय" म्हटलं की बोलणाऱ्याचा त्या फोनवरचा जीव कळतो, आता याची मनधरणी करावी लागणार ही हतबलता पण कळते. हा तिसरा प्रश्न, म्हणजे असं का बोलला, तो बहुतेक जण विचारतच नाहीत आणि खरी मजा तर तिथेच आहे. नाव काय तर चेतनगुणोक्ती, निर्जीव वस्तू सजीवासारखी वागतेय असं बोलणं. ते शेवटी आलं तरी चालतं.

पण सगळ्याच अलंकारांत अर्थ अडतो का?

नाही. उपमेत काहीच अडत नाही, दोन गोष्टी उघडपणे शेजारी ठेवलेल्या असतात. अनुप्रासात अर्थ सरळच असतो, गंमत कानाला होते. स्वभावोक्तीत तर सगळंच खरं असतं, "मांजरीनं पुढचे पाय ताणले, पाठ वर केली, एक कान मागे वळवला आणि पुन्हा डोळे मिटले", यात एकही शब्द खोटा नाही, फक्त बघणाऱ्याची नजर बारीक आहे आणि तोच अलंकार. म्हणून अर्थ अडला नाही तर अजून तीन गोष्टी विचारायच्या. आवाजाचं काही चाललंय का? दोन गोष्टी जोडल्यात का? आणि हे वर्णन जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतंय का?

शब्दालंकार की अर्थालंकार, हे पटकन कसं ठरवायचं?

शब्द बदलून बघा. जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची टेस्ट आहे ही. शब्द काढून त्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द टाकला आणि गंमत गेली, तर शब्दालंकार. गंमत टिकली तर अर्थालंकार. "चांदणं चोरपावलांनी चढत गेलं" यात चांदण्याऐवजी कौमुदी घाला, 'च'ची ओळ तुटली, अनुप्रास ढिला पडला. पण चांदणं चोरपावलांनी चालतंय ही कल्पना कौमुदी घातल्यावरही तशीच राहिली. म्हणजे एकाच ओळीत एक अलंकार शब्दात होता आणि एक अर्थात, आणि एका बदलाने दोन्ही वेगळे दिसले.

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांत नेहमीच गोंधळ होतो, काही ट्रिक आहे का?

ट्रिक म्हणून नाही, पण एक प्रश्न आहे आणि तो धरला की अर्धे अर्थालंकार आपोआप रांगेत उभे राहतात. प्रश्न असा, की बोलणारा त्या दोन गोष्टींना किती जवळ आणतोय?

आधी दोन शब्द पक्के करा. ज्याबद्दल बोलायचंय ते उपमेय, ज्याच्याशी जोडायचंय ते उपमान. आता एका शाळेतल्या बाईंचा आवाज घेऊ आणि शाळेची घंटा घेऊ. बाईंचा आवाज उपमेय, घंटा उपमान, आणि पूर्ण वेळ हीच जोडी ठेवू, कारण उदाहरणं दर वेळी बदलली की फरक अलंकाराचा आहे की उदाहरणाचा हेच कळत नाही.

"बाईंचा आवाज घंटेसारखा खणखणीत आहे." दोन्ही वेगळे आहेत हे बोलणाऱ्याला मान्य आहे, तो फक्त सारखेपणा दाखवतोय. उपमा. यात चारही भाग दिसतात, आवाज, घंटा, खणखणीतपणा हा दोघांतला समान गुण, आणि 'सारखा' हा सारखेपणा सांगणारा शब्द.

"बाईंचा आवाज म्हणजे जणू घंटाच." थोडा पुढे सरकला. घंटा आहे असं म्हणत नाही, पण असावी असं वाटतंय, कल्पनेत जाऊन आलाय. उत्प्रेक्षा. मला विचाराल तर या सगळ्यांत उत्प्रेक्षा सर्वात गोड, कारण तिथे बोलणारा स्वतःच्याच कल्पनेवर अर्धा विश्वास ठेवून असतो.

"बाईंच्या आवाजाच्या घंटेने अख्खा वर्ग जागा झाला." आता अंतरच उरलं नाही, आवाज आणि घंटा एकच केले, सारखा नाही, जणू नाही. रूपक.

"हा आवाज नव्हेच, ही घंटा आहे." उपमेय चक्क नाकारलं आणि उपमान त्याच्या जागी बसवलं. अपन्हुती. रूपकात दोघं एक होतात, इथे एकाला हाकलून दिलं जातं, फरक एवढाच पण तो मोठा आहे.

"घंटेहूनही खणखणीत आवाज आहे बाईंचा." उपमान मागे पडलं, उपमेय वर गेलं. व्यतिरेक.

"बाईंचा आवाज बाईंच्या आवाजासारखाच." जोडायला जगात दुसरं काही सापडलंच नाही. अनन्वय.

"बाईंनी हाक मारली आणि तीन डोंगरांपलीकडच्या गावातली भिंत पडली." हे आता घडूच शकत नाही इतकं ताणलंय. अतिशयोक्ती.

हीच सात वाक्यं तुमच्या आवडीच्या जोडीवर स्वतः लिहून बघा, रात्र आणि शाल घ्या, प्रश्न आणि काटा घ्या, काहीही. वाचून जेवढं कळतं त्याच्या कितीतरी पट लिहून कळतं.

ओळीत 'सारखा', 'जणू', 'परी' दिसलं की लिहून टाकायचं ना?

नको! सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. "बाळ सारखं रडतंय" यात 'सारखं' म्हणजे सतत, तुलनेचा संबंध नाही. "मला पण ताईसारखी सायकल हवी" यात तुलना आहे पण अलंकार नाही, कारण एका सायकलीची दुसऱ्या सायकलीशीच बरोबरी चाललीय, त्यात काही नवीन दिसत नाही. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात आणि त्यांच्यात एक अनपेक्षित समान गुण सापडावा लागतो. "सायकल वाऱ्यासारखी गेली" ही उपमा.

'परी'चं तर विचारूच नका, जुन्या कवितेत ते 'सारखं' या अर्थी येतं, 'पण' या अर्थी येतं, आणि कधी कधी खरीच परी असते. 'वाणी' बोलीत वेड्यावाणी असं येतं तेव्हा तुलना, एरवी वाणी म्हणजे बोलणं. 'वाटे' दिसलं म्हणून उत्प्रेक्षा नाही, "आज पाऊस येईलसं वाटतं" हा साधा अंदाज आहे. आणि 'की' हा शब्द तर प्रश्नात, वाक्य जोडताना, पर्याय देताना सगळीकडेच येतो. शब्दांची लिस्ट पाठ असू द्या, पण ती खूण म्हणून, पुरावा म्हणून नाही. शिवाय उलट पण होतं. "घंटेचा आवाज आहे बाईंचा" यात सारखा-बिरखा काही नाही तरी तुलना आहेच, ती लपलेली आहे.

ससंदेह आणि भ्रांतिमान यांत फरक काय?

ससंदेहात मन दोन्हीकडे हेलकावतं आणि निर्णय होत नाही, "हा बाईंचा आवाज की घंटा?" भ्रांतिमानात निर्णय होऊन जातो पण चुकीचा, आणि मुख्य म्हणजे माणूस त्या चुकीवर वागतो. "बाईंनी हाक मारली आणि पोरं शाळा सुटली समजून दप्तरं उचलून पळाली." कृती दिसली की भ्रांतिमान, प्रश्न दिसला की ससंदेह, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

अनुप्रास आणि यमक?

अनुप्रासात एखादं अक्षर ओळीत पुन्हा पुन्हा येतं, जागा ठरलेली नसते. यमकात अक्षरांचा गट ठरलेल्या जागी परत येतो, बहुतेक वेळा चरणाच्या शेवटी. संस्कृतातलं जुनं यमक जास्त कडक होतं, तीच अक्षरं त्याच क्रमाने पण अर्थ वेगळा, जसं "वाट पाहता पाहता संपून गेली वाट" यात पहिली वाट पाहायची आणि दुसरी चालायची. असं मराठीत करून बघा, फार मजा येते. एक सूचना, नुसतं एक अक्षर दोनदा आलं म्हणून अनुप्रास लिहू नका, ते कोणत्याही वाक्यात येतंच. ऐकताना ते जाणवलं पाहिजे, त्यासाठी ओळ मोठ्याने म्हणा.

श्लेष कळतो पण ओळखता येत नाही, काय करू?

वाक्य दोन वेगळ्या माणसांनी ऐकलं असं समजा. "निवडणुकीनंतर साहेबांचं वजन घटलंय." डॉक्टरांनी ऐकलं तर एक अर्थ, कार्यकर्त्याने ऐकलं तर दुसरा, आणि दोन्ही अर्थ त्या वाक्यात धडपणे बसतात. एकच अर्थ बसत असेल आणि दुसरा ओढूनताणून आणावा लागत असेल तर श्लेष नाही. 'वजन'च्या जागी 'भार' टाकून बघा, कार्यकर्त्याचा अर्थ गेला, म्हणजे हा शब्दश्लेष. शब्द बदलूनही दोन अर्थ टिकले तर अर्थश्लेष, पण तो कमी भेटतो.

घड्याळाचे काटे, खुर्चीचे पाय, बाटलीचं तोंड... हे अलंकार धरायचे का?

हा प्रश्न मला फार आवडतो. कोणे एके काळी कोणीतरी पहिल्यांदा बाटलीला तोंड आहे म्हटलं असेल तेव्हा ऐकणाऱ्याला नक्कीच गंमत वाटली असेल. आज आपण म्हणतो तेव्हा चेहरा डोळ्यांपुढे येतच नाही. मम्मटाच्या तिसऱ्या अटीत रूढी किंवा हेतू असे दोन पर्याय आहेत ना, त्यातला हा रूढीवाला, याला रूढ लक्षणा म्हणतात. उत्तरात अलंकार म्हणून लिहू नका. पण कवी कधी कधी अशा झोपलेल्या शब्दाला हलवून जागं करतो. "बाटलीचं तोंड उघडं होतं, पण ती काही बोलली नाही." आता त्या तोंडाला खरंच ओठ फुटले आणि चेतनगुणोक्ती परत आली. वाचताना असे शब्द शोधत राहा, रोजच्या बोलण्यात तर ते पावलोपावली आहेत. बघा, 'पावलोपावली' पण त्यातलाच.

वाक्प्रचार आणि म्हणी म्हणजे अलंकारच ना?

जवळचे आहेत, एकच नाहीत. वाक्प्रचारात अर्थ अडतो हे खरं, "त्यानं माझ्याकडे कानाडोळा केला" यात ना कानाला काही झालं ना डोळ्याला, पण तो अर्थ सगळ्यांनी मिळून पक्का केलेला आहे आणि त्यातला शब्द बदलता येत नाही. कवीच्या अलंकारात अर्थ ताजा असतो, तुम्हाला तो तिथल्या तिथे जुळवावा लागतो. म्हणीत मात्र अलंकार राहायला आलेला असतो. "लेकी बोले सुने लागे" ही म्हण घ्या, बोलायचं एकाला आणि लागलं पाहिजे दुसऱ्याला, अन्योक्ती नेमकी हेच करते. अन्योक्तीचं उदाहरण आठवत नसेल तर ही म्हण आठवा.

दृष्टांत आणि अर्थान्तरन्यास नेहमी उलटे होतात.

दोन्हीत एका विधानाला दुसरं विधान आधार देतं, म्हणून गोंधळ. दुसरं वाक्य पहिल्याचं आरशातलं चित्र आहे का बघा. "मोठ्या सभेत हळू बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, समुद्रात थेंब पडल्याचं कोणाला कळत नाही." सभेला समुद्र, हळू बोलण्याला थेंब, ऐकू न येण्याला न कळणं, जोडीला जोडी लागते. दृष्टांत. आता हे बघा, "पद गेलं तसे त्याच्या दारातले लोक पण गेले, पडत्या काळात कोण कोणाचं असतं!" पहिलं वाक्य एका माणसाचं, दुसरं सगळ्या जगाचं. खास गोष्टीवरून सर्वसाधारण गोष्टीकडे किंवा उलट अशी उडी असेल तर अर्थान्तरन्यास.

विरोधाभास, असंगती, व्याजस्तुती, व्याजोक्ती हे लक्षातच राहत नाहीत.

मग व्याख्या सोडा आणि एकेक वाक्य लक्षात ठेवा. "गर्दीत मी एकटाच होतो", वरवर विरोध, आत नाही, विरोधाभास. "चटका त्याच्या हाताला बसला आणि पाणी तिच्या डोळ्यांत आलं", कारण एकीकडे परिणाम दुसरीकडे, असंगती. "वा, किती वेळेवर आलात, कार्यक्रम आत्ताच संपला", शब्द कौतुकाचे, आत निंदा, व्याजस्तुती, आणि वरून निंदा आतून स्तुती असेल तरी व्याजस्तुतीच. "रडत नाहीये, डोळ्यात धूळ गेली", खरं कारण लपवून दुसरंच सांगितलं, व्याजोक्ती. शेवटच्या दोन्हींत ओळ एकटी वाचून चालत नाही, कोण कोणाला आणि कधी बोलतंय ते माहीत पाहिजे.

व्यंजना म्हणजे नक्की काय? लक्षणेपेक्षा वेगळी कशी?

लक्षणेत मुख्य अर्थ अडतो. व्यंजना म्हणजे शब्दांनी थेट न सांगता सुचवणं, तिथे मुख्य अर्थ अडायलाच हवा असं नाही, आणि म्हणूनच ती निसटते. मम्मटानेच घेतलेलं एक वाक्य आहे, "सूर्य मावळला." अगदी साधं, खरं वाक्य. पण गुराख्याला ते ऐकून गुरं घराकडे वळवायची आठवण होते, संध्या करणाऱ्याला संध्येची, आणि प्रियकराकडे जायला निघालेलीला निघायची वेळ झाल्याची. शब्द तेच, अर्थ ऐकणाऱ्यागणिक वेगळा उमटतो. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक'मध्ये हा सुचवलेला अर्थ म्हणजेच काव्याचा आत्मा असं मांडलं, आणि अलंकारांची जागा त्यानंतरची ठरवली. म्हणून एखाद्या कवितेत तुम्हाला एकही अलंकार सापडला नाही आणि तरी ती आत जाऊन बसली, तर तुमचं काही चुकलेलं नाही. तिथे "हे मला का सांगितलं असेल?" एवढंच विचारा.

मुक्तछंदातल्या कवितेत हे सगळं लागू पडतं का? तिथे प्रतिमा आणि प्रतीक असे शब्द येतात.

लागू पडतं, फक्त 'जणू' आणि 'परी' सारख्या खुणा फारशा मिळत नाहीत. प्रतिमा म्हणजे इंद्रियांना जाणवणारं चित्र, दिसणारं, ऐकू येणारं, हाताला लागणारं. "ओल्या कपड्यांच्या वासाची दुपार" ही प्रतिमा, तिचा दुसरा काही अर्थ असलाच पाहिजे असं नाही. प्रतीक म्हणजे अशी वस्तू जी स्वतः तर आहेच पण शिवाय आणखी कशाची तरी जागा घेते. गोष्टीत एक बंद दार एकदा आलं तर ते दार आहे. तेच दार प्रत्येक भांडणानंतर येऊ लागलं, शेवटी कोणीतरी ते उघडायला हात पुढे करून थांबलं, तर ते आता नुसतं दार राहिलं नाही. रूपकात दोन्ही बाजू दाखवता येतात, हे म्हणजे ते. प्रतीकात दुसरी बाजू न सांगितलेली असते, म्हणून तिचं एकच उत्तर सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका, पण कृपा करून प्रत्येक पक्ष्याला स्वातंत्र्याचं प्रतीकही करू नका. पुरावा कवितेतच पाहिजे.

एकूण अलंकार किती?

भरताच्या नाट्यशास्त्रात फक्त ४ आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे संख्या वाढत गेली, अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंद'मध्ये ती शंभरावर जाते. सगळे पाठ करायची गरज नाही. वर दिलेले जरी नीट कळले तरी पुष्कळ झालं.

एकाच ओळीत दोन अलंकार दिसले तर?

दिसतातच. याला शास्त्रात नावं पण आहेत. दोन्ही वेगवेगळे काढून दाखवता आले तर संसृष्टी, तीळ आणि तांदूळ मिसळल्यासारखे. एकमेकांत इतके मुरलेले की वेगळे होत नाहीत, तर संकर, दूध आणि पाणी. परीक्षेत एकच विचारला असेल तर ज्याच्यामुळे ओळ उभी आहे तो लिहा. तो काढला तर ओळीत काय उरतं हे बघा, फार काही उरलं नाही तर तोच मुख्य.

माझं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर वेगळं आलं, मग मी चुकलो का?

लगेच खोडू नका. काही ओळी खरोखरच सीमेवर असतात, विशेषतः उत्प्रेक्षा आणि रूपकाच्या, 'म्हणजे ...च' असं वाक्य एक जण उत्प्रेक्षा म्हणेल आणि दुसरा रूपक, आणि दोघांकडे कारण असेल. म्हणून नुसतं नाव लिहून थांबायची सवय मोडा. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, कोणत्या शब्दावरून अंतर किती आहे ते ठरवलं, हे दोन ओळींत लिहा. पुस्तकातल्या उत्तरालाही हेच प्रश्न विचारा. त्याचं कारण तुमच्यापेक्षा पक्कं निघालं तर तुमचं उत्तर बदला, नाही निघालं तर शिकवणाऱ्यांना तुमच्या त्या दोन ओळी दाखवा आणि विचारा.